‘हिमपादुका’ : एका पाठाची चिकित्सा व वसंतांतील हिमावरच्या घसरणीचा इतिहास

प्रस्तुत लेखाचा विषय या त्रैमासिकाच्या वाचकांस प्रथमदर्शनीं विचित्र वाटण्याचा संभव आहे. सनदा, महजर व करीने यांच्या सहवासांत राहणाऱ्या मंडळींपुढें, वसंत ऋतूंत मऊ झालेल्या हिमावरून पायांस आखूड फळ्या बांधून घसरत जाण्याच्या क्रीडेचा प्रश्न आणण्यास कारण झालें तें एक सुटें पान. तें पान नसतें तर मी या वाटेस गेलोंच नसतों. कारण मुलुंडच्या दमट हवेंत राहणाऱ्या माणसास बर्फ ठाऊक तो गाडीवरच्या गोळ्याचा, आणि घसरणें ठाऊक तें मुलांच्या घसरगुंडीवरचें.

हकीकत अशी. मुलुंड येथील आमच्या एका स्नेह्यांच्या संग्रहांत दत्तसंप्रदायांतील स्तोत्रांचीं कांहीं सुटीं पानें आहेत. देशी कागद, पानास नऊ ओळी, अक्षर देवनागरी व वळणदार. लेखनकाल दिलेला नाहीं, परंतु कागद व शाई पाहतां तीं पानें दीडशें वर्षांपलीकडचीं नसावींत. त्यांतील एका पानावर एका श्लोकाचा शेवटचा चरण ‘गतिर्हिमपादुके’ असा लिहिलेला आहे. स्नेह्यांचा नातू एका एप्रिल महिन्यांत काश्मीरांत गुलमर्ग येथें जाऊन स्कीचें शिक्षण घेऊन आला, आणि उन्हानें मऊ झालेल्या हिमावर आखूड फळ्यांनीं घसरत असतांचीं आपलीं छायाचित्रें त्यानें आजोबांस दाखविलीं. तीं पाहून आजोबांस हा चरण आठवला. हिमपादुका म्हणजे हिमावर जाण्याच्या पादुका, गति म्हणजे त्यांवरून होणारें गमन. तेव्हां आज ज्यास स्की म्हणतात तें साधन आपल्या पूर्वजांस ठाऊक होतें, असा त्यांचा सिद्धान्त झाला. तो एका वृत्तपत्राकडे धाडण्याची त्यांची तयारीही झाली होती. तत्पूर्वीं, थोडेंबहुत संस्कृत जाणणारा म्हणून, त्यांनीं पान माझ्या हातीं दिलें.

पानाचा निकाल शेवटीं सांगेन. असा शब्द असणें संभवनीय तरी आहे काय, हें आधीं पाहणें अवश्य आहे. कारण नुसता व्याकरणाचा दोष दाखविल्यानें असले सिद्धान्त मरत नाहींत, उलट चिडून अधिक बळावतात.

प्रथम ही घसरण म्हणजे काय तें नीट समजून घेतलें पाहिजे. हिवाळ्यांत नुकतें पडलेलें हिम पिंजलेल्या कापसासारखें असतें. त्यांत माणूस गुडघ्याइतका, प्रसंगीं कमरेइतका रुततो. त्यावर तरावयाचें तर अंगाचा भार लांबवर वांटला गेला पाहिजे. म्हणून तेथें पुरुषभर किंवा त्याहूनही लांब फळी लागते. फाल्गुन-चैत्रांत मात्र हिमाची जात बदलते. दिवसा ऊन लागून वरचा थर वितळतो, रात्रीं तो पुन्हां गोठतो. असें अनेक दिवस झालें म्हणजे हिमाच्या मूळच्या नाजूक चांदण्या मोडून त्यांचे वाटोळे कण बनतात, व ते एकमेकांस धरून खालचा थर घट्ट बसतो. पहाटे या थराची कांच झालेली असते. तीवर पाय ठरत नाहीं. उन्हें वर आलीं म्हणजे वरचीं दोनतीन बोटें तेवढीं सुटीं होतात. चांगलें कढविलेलें तूप थिजलें म्हणजे आपण त्यास रवाळ म्हणतों. वसंतांतील हें हिम तसें रवाळ असतें, आणि याहून समर्पक शब्द मला सांपडलेला नाहीं. या रवाळ थरावर हात-दीड हात लांबीची फळी पुरते. भार खालचा घट्ट थर सोसतो, आणि वरचा रवा फळीस सुखानें वळूं देतो. जर्मन भाषेंत अशा जुन्या, मुरलेल्या हिमास ‘फिर्न’ म्हणतात. त्या शब्दाचा मूळ अर्थच गतवर्षींचें, जुनें असा आहे. आणि आल्प्स पर्वतांत या आखूड फळ्यांस ‘फिर्नग्लायटर’, म्हणजे फिर्नावरून घसरणारें साधन, हें नांव आहे. नेहमींचे डोंगरी बूट घालून त्या बांधतां येतात, आणि चढतांना पाठीवरच्या पिशवींत मावतात. हा योग मात्र रोज तीनचार घटकांचा. दुपार झाली कीं सगळें हिम पाणी धरून पेजेसारखें होतें, फळी रुतते, आणि उतारावरून ओल्या हिमाचे कडे कोसळण्याचें भय उत्पन्न होतें.

थोडक्यांत, लांब फळी ही गरजेची व आखूड फळी ही हौसेची. पुढील इतिहास या भेदावर उभा आहे.

संस्कृतांत हिमास शब्दांचा तोटा नाहीं. अमरकोशाच्या दिग्वर्गांत तुषार, तुहिन, नीहार, प्रालेय, मिहिका, अवश्याय हीं नांवें हिमाबरोबरच दिलेलीं आहेत. पण त्यांत दंव, धुकें व हिम यांची बरीच सरमिसळ आहे, व ती सपाटीवरील माणसास साजेशी आहे. साठलेल्या हिमराशीस मात्र ‘हिमानी’ असा स्वतंत्र शब्द आहे. तो पाणिनीच्या सूत्रानें (४.१.४९) सिद्ध होतो, आणि तेथें प्रत्ययाचा अर्थ महत्त्व, म्हणजे मोठेपणा, असें वार्तिककार सांगतात. पाणिनि वायव्येकडील शलातुरचा. पर्वतावरील हिमराशि त्यास ऐकून नव्हे, पाहून ठाऊक असावी असें मला वाटतें. पादुकेचीं नांवें त्याच कोशांत शूद्रवर्गांत आहेत. हिम आहे, पादुका आहे. दोहोंचा समास तेथें नाहीं. कोशांत शब्द नाहीं एवढ्यावरून वस्तु नव्हती असें ठरत नाहीं, हें मान्य. म्हणून जेथें हिम खरोखर पडतें तेथले ग्रंथ पाहिले पाहिजेत, आणि तसा देश म्हणजे काश्मीर.

काश्मीरचे ग्रंथ विद्वानांच्या हातीं येण्यांत मुंबई इलाख्याचा मोठा वांटा आहे, ही गोष्ट पोथ्या जमविणाऱ्यांनीं विसरूं नये. एल्फिन्स्टन कॉलेजांतील पूर्वींचे अध्यापक गेऑर्ग ब्यूलर १८७५ सालीं मुंबई सरकारतर्फे पोथ्यांच्या शोधार्थ काश्मीरांत गेले. त्यांचा वृत्तांत १८७७ सालीं रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकाचा जादा अंक म्हणून छापला गेला, आणि त्यांनीं आणलेला संग्रह आज पुण्यास भांडारकर संस्थेंत आहे. शारदा लिपींतील भूर्जपत्रें ज्यांनीं हातांत घेतलीं असतील त्यांस त्या सालींचा आनंद वेगळा सांगावयास नको. नीलमतपुराणाचें महत्त्व ब्यूलरनींच पुढें आणलें. आणि स्टाइन यांनीं सिद्ध केलेली राजतरंगिणीची मूळ संहिता १८९२ सालीं मुंबईसच छापली गेली.

नीलमतांत हिमाचें स्थान काय आहे? कथा अशी कीं, शापामुळें काश्मीर हिवाळ्याचे सहा महिने पिशाचांच्या ताब्यांत असे. माणसें आश्विनांत देश सोडून जात आणि चैत्रांत परत येत. पुढें नीलनागाच्या कृपेनें व त्यानें सांगितलेल्या विधींमुळें माणसांस बारमाही वसति मिळाली. त्या विधींत पहिलें हिम पडेल त्या दिवशींचा एक उत्सवही आहे: हिमालयाची पूजा करावी, जाड उबदार वस्त्रें ल्यावीं, हिमावर बसून नवें मद्य प्यावें. आमच्या ब्रह्मवृंदास हें वाचून संकोच वाटेल. परंतु पुराण संकोचत नाहीं. प्रस्तुत विषयापुरतें लक्षांत घ्यावयाचें तें एवढेंच कीं, हिमावर बसणें सांगितलें आहे, गाणेंबजावणें सांगितलें आहे, हिमावरून घसरणें सांगितलेलें नाहीं. इतक्या बारकाईनें सण सांगणाऱ्या ग्रंथकारानें ही मौज वगळली असती असें मला तरी वाटत नाहीं.

कल्हणाचें म्हणाल तर त्याच्या लेखीं हिम हें बहुधा संकटच. पहिल्या तरंगांत, नीलोक्त विधि बंद पडल्यामुळें नागांनीं अतोनात हिम पाडलें, राजास हिवाळ्यांत खालीं दार्वाभिसार प्रांतीं जाऊन राहावें लागलें, व अखेर चंद्रदेव नांवाच्या ब्राह्मणाच्या तपानें तें अरिष्ट टळलें, असा वृत्तांत आहे. आठव्या तरंगांत, जयसिंह राजाच्या कारकीर्दींत, शिरःशिला दुर्गाच्या वेढ्यानंतर भोज नांवाचा राजपुत्र दरदांच्या देशाकडे निसटतो. तें हिमांतलें पलायन कल्हणानें कष्टांच्या नोंदींसह रंगविलें आहे. हिमांतून घाईनें पळावयाचें अशा प्रसंगीं फळ्या असत्या तर त्या पायांत दिसल्या असत्या. दिसतात ते पाय. काश्मीरी शेतकऱ्याचें खरें हिमोपयोगी पादत्राण म्हणजे भाताच्या पेंढ्याची वहाण, ‘पुलहोर’. ती घसरूं नये म्हणून असते, घसरावें म्हणून नव्हे. या एका वस्तूंतच सर्व उत्तर आलें असें म्हटलें तरी चालेल.

कोणी म्हणेल कीं काश्मीरांत असली तरी ती गोष्ट दक्षिणेंत कशी कळावी? पण काश्मीर व दक्षिण यांत वाटतें तितकें अंतर नव्हतें. बिल्हण कवि काश्मीरांतील खोनमुष गांवचा. तो भ्रमण करीत कल्याणच्या सहाव्या विक्रमादित्य चालुक्याच्या दरबारीं येऊन विद्यापति झाला. त्याच्या विक्रमांकदेवचरिताची पोथी ब्यूलरना जेसलमेरच्या भांडारांत मिळाली व १८७५ सालीं ती मुंबई संस्कृत ग्रंथमालेंत निघाली. शेवटच्या सर्गांत तो मायदेशाचें वर्णन अभिमानानें करितो. उलट दिशेनें, काश्मीरचा हर्षराजा दाक्षिणात्य वेषभूषेचा शोकी होता व त्यानें कर्णाटकी धर्तीचें नाणें पाडलें, असें कल्हण सांगतो. कवि आले, नाणीं गेलीं, वेष गेले. फळी तेवढी आली नाहीं, कारण ती मुळांत तेथें नव्हती.

मग ती कोठें होती? उत्तरेस, फार उत्तरेस. स्वीडनमध्यें काल्व्त्रेस्क येथें १९२४ सालीं दलदलींत सांपडलेली फळ्यांची जोडी सुमारें पांच हजार वर्षांची ठरली आहे; फळी दोन मीटरहून थोडी अधिक लांब असून जोडीस फावड्यासारखी काठी आहे. आपणांस अधिक जवळचा पुरावा चिनी इतिहासांचा. १०६० सालीं पूर्ण झालेल्या तंग घराण्याच्या नव्या इतिहासांत ‘काष्ठाश्व तुर्क’ नांवाच्या तीन टोळ्यांचें वर्णन आहे. पायांस फळ्या बांधाव्या, वांकडें लांकूड कांखेंत धरावें, एका रेट्यासरशीं शंभर पावलें जावें, असा त्यांचा प्रकार. चौदाव्या शतकाच्या आरंभीं इराणांत रशीदुद्दीन यानें जामि-उत्-तवारीख लिहिली. अरण्यांत राहणारे उरियांखत लोक ‘चाना’ नांवाच्या फळ्यांवरून हिमांत रानबैलांमागें धांवतात, शिकार दुसऱ्या फळीवर घालून ओढून नेतात, आणि ज्यास हें कसब येत नाहीं त्याचे पाय उतरणीवर फांकतात, असें तो लिहितो. पाहणाऱ्याच्या डोळ्यांनीं लिहिलेलें हें शेवटचें वाक्य मला फार आवडतें. आमच्या स्नेह्यांच्या नातवाचीही पहिल्या दिवशीं तीच गत झाली होती.

हे लोक अल्ताई पर्वत व त्याच्या पूर्वेकडील अरण्यांतले. त्यांच्या व काश्मीरच्या मध्यें तिएनशान, तकलामकानचें वाळवंट व काराकोरम. महाराष्ट्राचें व पुलकेशीचें वर्णन करणारा ह्युएनत्संग इ. स. ६३० च्या सुमारास तिएनशानचे बर्फाळ घाट ओलांडून आला. त्यांत सोबतचीं कित्येक माणसें दगावलीं. त्या वाटेवर मनुष्य हिमाशीं झगडतो, हिमावर खेळत नाहीं. माझें मत असें कीं, ही फळी शिकाऱ्याची आहे. जेथें अरण्य, मोठा पशु, भुसभुशीत हिम व सौम्य चढउतार आहेत तेथें ती जन्मली. काश्मीरचा मनुष्य शेतकरी. हिवाळ्यांत त्यानें कांगडी पोटाशीं धरून घरांत विणकाम करावें, हें त्याच्या व्यवहारास धरून होतें.

शिकाऱ्याची फळी अर्थातच लांब. आखूड फळीचें पहिलें दर्शन घडतें तें स्कँडिनेव्हियांतील विजोड जोडींत: डाव्या पायांत घसरण्याची लांब फळी, उजव्या पायांत रेटा देण्याची आखूड, तळाशीं कातडें लावलेली. तेथें ती स्वतंत्र नव्हती, दासी होती. १८८८ सालीं नॉर्वेच्या फ्रिट्योफ नान्सेननें पांच सोबत्यांसह ग्रीनलंड स्कीवरून ओलांडलें, आणि १८९० सालीं त्याचें पुस्तक निघतांच मध्य यूरोपांत या साधनाचें वेड पसरलें. तें वाचून ऑस्ट्रियांतील लिलिएनफेल्ड येथील माथियास झ्दार्स्की यानें फळी मागविली. तीव्र उतारांवर ती वळेना, म्हणून त्यानें ती आखूड केली व पाय बांधण्याची रीत बदलली. १९ मार्च १९०५ रोजीं त्यानें मुकेनकोगेल डोंगरावर, खुणेच्या काठ्यांमधून वळणें घेत उतरण्याची स्पर्धा भरविली. अशा स्पर्धांची ही आद्य समजतात. पर्वत उभा, फळी आखूड, महिना मार्चचा. पशूचा पाठलाग येथें उरलेला नाहीं. चढून जावें तें केवळ उतरण्यासाठीं. या हौसेच्याच वाटेनें पुढें फिर्नावरची हात-दीड हाताची फळी आली.

ही हौस इंग्रजांनीं काश्मीरांत आणली. १९२७ सालीं गुलमर्ग येथें स्की क्लब ऑफ इंडिया स्थापन झाला. त्याचे वर्षांतून दोन मेळे भरत, एक नाताळांत व एक ईस्टरमध्यें. ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान पडतो, म्हणजे फाल्गुन-चैत्रांतच. नीलमतांतलीं माणसें ज्या चैत्रांत काश्मीरांत परतत, त्याच सुमारास हे साहेब लोक खिलनमर्गच्या उतारावर रवाळ हिमाची वाट पाहत असत. दोघांस एकमेकांची वार्ता नव्हती, पण ऋतु एकच होता. १९३१ सालीं स्माइथ यांच्या तुकडीनें गढवालांतील ७,७५६ मीटर उंचीचें कामेट शिखर गांठलें. त्या मोहिमेंत होल्ड्सवर्थ या गृहस्थांनीं स्की हिमालयाच्या फार उंच भागांत नेल्या. हे गृहस्थ पेशानें शिक्षक असून पुढें डेहराडूनच्या दून शाळेंत होते, हें नमूद करण्याचा मोह एका निवृत्त शाळामास्तरास आवरत नाहीं.

स्वातंत्र्यानंतर हौसेची फळी पुन्हां गरजेची झाली. काश्मीरच्या युद्धांत, १९४८ च्या अखेरीस, सैन्याच्या एकोणिसाव्या डिव्हिजननें गुलमर्ग येथें स्कीची शाळा काढली. तीच वाढत १९६२ सालीं उत्तुंग प्रदेशांतील युद्धाचें शिक्षण देणारी मोठी संस्था झाली. नागरिकांसाठीं तेथेंच केंद्र सरकारची स्की व गिर्यारोहण यांची संस्था आहे. इकडे मुंबईंत १९५४ सालीं ‘गिरिविहार’ निघालें आणि मराठी मुलें हिमालयांत जाऊं लागलीं. १९६५ पासून उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेंतही कित्येक शिकून आलीं. तेथें फळीवांचून, नुसत्या बुटांवर, हातांतील कुऱ्हाडीचा सुकाणूसारखा उपयोग करून हिमउतारावरून घसरत येण्यास शिकवितात. स्नेह्यांचा नातू त्यास सरळ घसरगुंडी म्हणतो. मूळ शब्द घरांत असतां परका कशास शोधावा?

आतां पान. ‘गतिर्हिमपादुके’ या चरणांत अक्षरें सात आहेत. वृत्त अनुष्टुभ्, व त्याच श्लोकाचे बाकीचे तिन्ही चरण आठ अक्षरांचे. शिवाय अन्वय लागत नाहीं: पादुकांनीं होणारी गति असें म्हणावयाचें तर ‘हिमपादुकाभ्याम्’ अशी तृतीया हवी, येथें प्रथमेचें द्विवचन आहे. आठवें अक्षर कोठलें पडलें? लेखकाची दृष्टि एका ‘म’ वरून दुसऱ्या ‘म’ वर गेली. मूळ पाठ ‘गतिर्हि मम पादुके’ असा. पांचवें अक्षर लघु, सहावें गुरु, सातवें लघु, सर्व यथास्थित. अर्थ: कारण (गुरूच्या) पादुका हीच माझी गति, म्हणजे आश्रय. नृसिंहवाडी, औदुंबर, गाणगापूर येथील पादुका ज्या संप्रदायाचें दैवत, त्याच्या स्तोत्रांत याहून स्वाभाविक वाक्य कोणतें? त्याच पानावर पांचव्या ओळींत याच लेखकानें असेंच एक अक्षर गाळून मागाहून काकपदाची खूण करून समासांत भरलेलें आहे. येथें भरावयाचें राहिलें.

हें मीं स्नेह्यांस सांगितलें तेव्हां ते बराच वेळ बोलले नाहींत. चहा तसाच ठेवून, पान घेऊन उठले. आठ दिवसांनीं त्यांनीं नातवाकडून निरोप पाठविला कीं, वृत्तपत्राचा विचार सोडला आहे, परंतु केवळ वृत्तावरून पाठ बदलणें त्यांस मान्य नाहीं. दुसरी पोथी दाखवावी. ही मागणी रास्त आहे. छंदावरून सुचविलेली दुरुस्ती कितीही निर्दोष असली तरी ती तर्कच होय, आणि तर्कास पोथीचा आधार मिळेपर्यंत पान जसें आहे तसेंच राहिलें पाहिजे. म्हणून मीं त्यावर पेन्सिलीचीही खूण केलेली नाहीं. ज्या संग्राहकांजवळ गुरुपादुकांविषयींचीं सुटीं स्तोत्रें असतील त्यांनीं तीं चाळून हा चरण कोठें आढळतो काय तें पाहावें, व आढळल्यास त्यांत ‘म’ एक आहे कीं दोन, तें या त्रैमासिकाच्या द्वारें कळवावें.